मदत हवी आहे: पिल्लं गोल गोल फिरतायत

बावनदीकर:
तीन पिल्लं रात्रभर गरगर फिरतात, मान सारखी वर झटकतात. तुसात गोल वाट पडलीय. जनुकीय दोष असेल का? सोमवारी गाइडना सांगायचंय, प्लीज लवकर.

माडबन:
कसली पिल्लं? वय काय? आईबाप कोण?

बावनदीकर:
अहो, लॅबचे पांढरे उंदीर, स्विस. रत्नागिरीजवळ फार्मसीला आहे मी.

खाडीकाठ:
आधी कानाचा संसर्ग बघ. पावसात भाताचं तूस ओलं राहतं, अमोनिया साचतो. आमच्याकडे दोन उंदीर असेच फिरायचे, कानात पू निघाला.

माडबन:
संसर्ग बहुधा एका कानाला होतो, मान एका बाजूला कलते. हा तर मान वर झटकतात म्हणतोय. शेकर, वॉल्ट्झर नावाच्या लॅबच्या उंदरांचं असंच असतं. मायोसिन ७ए किंवा कॅडहेरिन २३ या प्रथिनाचं जनुक बिघडलं की आतल्या कानातल्या रोमपेशी, म्हणजे आवाज आणि तोल टिपणाऱ्या पेशी, नीट घडत नाहीत. तोलही जातो, ऐकूही येत नाही. माणसात हीच जनुकं बिघडली की अशर सिंड्रोम होतो, म्हणजे बहिरेपणा आणि पुढे दृष्टीही जाते. पिंजऱ्याला हात न लावता मागून टाळी वाजव, कान फडकतात का बघ.

खाडीकाठ:
पशुवैद्याला न दाखवता थेट जनुकावर कशाला जायचं?

कोकमसरबत:
जाडे झालेत का? जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये लठ्ठ उंदीर सापडले होते. त्यांच्यात लेप्टिन, म्हणजे भूक आवरणारं संप्रेरक, बनत नाही हे १९९४ मध्ये कळलं.

रानमाणूस:
आमच्या माळ्यार उंदरांनी सुके नारळ कुरतडल्यानी. काय औषध आसा काय?

माडबन:
रानमाणूस, वेगळा धागा काढा ना.

बावनदीकर:
जाडे नाहीत, उलट बारीक आहेत. टाळी वाजवली. भावंडांचे कान टवकारले, या तिघांचे हललेसुद्धा नाहीत. पाच आठवड्यांची आहेत. एकूण अकरा, आईबाप सख्खे भाऊ-बहीण.

माडबन:
हे आधी सांगायचंस! अप्रभावी दोष, म्हणजे आईबाप दोघांकडून आला तरच दिसणारा, असेल तर चारात एक, म्हणजे अकरात तीन जुळतं. पण एका वेतावरून ठरवू नकोस. प्राणी नैतिकता समितीला विचारून तीच जोडी पुन्हा लाव. आणि या तिघांना पोहण्याच्या चाचणीत अजिबात टाकू नकोस. पाण्यात त्यांना वर-खाली कळत नाही, बुडतील.

खाडीकाठ:
कान दोन्ही बाजूंनी गेले असतील तर माझा संसर्ग मागे पडला. तरी एकदा दाखवच.

बावनदीकर:
संध्याकाळी डॉक्टर येतायत. एक राहिलं. याच जोडीच्या आधीच्या वेतात एक असंच फिरायचं. मेलं, म्हणून पिंजऱ्याच्या कार्डावर लिहिलंच नव्हतं.