रोमचे धनाढ्य कशापायी गेले: पैशापायी की राजकारणापायी?

जुनं_नाणं (धागाकर्ता)
माझं मत स्पष्ट आहे. सम्राट टायबेरियसपासून सम्राट नीरोपर्यंतचे राजद्रोहाचे खटले म्हणजे मालमत्ता गिळायचा धंदा. रोममध्ये सरकारी वकील नव्हता, फिर्याद खाजगी माणसानेच करायची. राजद्रोह सिद्ध झाला की दोषीच्या मालमत्तेचा किमान चौथा हिस्सा फिर्यादीला. सेक्स्टस मारियस हा हिस्पानियातला (आजचा स्पेन) सर्वांत श्रीमंत माणूस. इ.स. ३३ मध्ये त्याला रोममधल्या टार्पियन कड्यावरून ढकलून दिलं. त्याच्या जप्त खाणी सरकारी खजिन्याच्या, पण टायबेरियसने त्या स्वतःकडे ठेवल्या. यात राजकारण कुठे दिसतं?

सातवी_टेकडी
असहमत. मारियसवर राजद्रोहाचा आरोपच नव्हता, स्वतःच्या मुलीशी संबंध ठेवल्याचा होता. राजद्रोहाचंच बोलायचं तर इ.स. १६ मधला लिबो ड्रूससचा खटला घ्या. पुरावा काय, तर सीझर घराण्यातल्या आणि सिनेटरांच्या नावांपुढे गूढ खुणा असलेला कागद. मालकाच्या जिवावर बेतणाऱ्या खटल्यात गुलामांचा छळ करून साक्ष काढायला बंदी होती. टायबेरियसने तोड काढली: गुलाम एकेक करून खजिन्याच्या मुखत्याराला विकायला लावले. मालक बदलला, आडकाठी संपली. लिबोने निकालाआधीच जीव दिला. मालमत्ता फिर्यादींनी वाटून घेतली, वर त्यांच्यातल्या सिनेटरांना प्रेटरपदं (वरच्या दर्जाची न्यायाधीशपदं). लिबो हा ज्युलियस सीझरचा प्रतिस्पर्धी पाँपे याचा पणतू होता, तेच नडलं.

आणि नुसता पैसा माणसाला मारत असता तर ल्युशियस व्होल्युसियस गडगंज असून ९३ वर्षं जगलाच नसता. एवढ्या सम्राटांशी मैत्री ठेवून तो इ.स. ५६ मध्ये अंथरुणावर मेला!

खतावणी
दोघेही हेतू शोधताय, कलम कोणी बघत नाही. निकालाआधी आत्महत्या केली की अंत्यसंस्कार होत आणि मृत्युपत्र टिकत असे. म्हणून आरोपी घाई करत. पण हे कवच फुटकं होतं. इ.स. २४ मध्ये गायस सिलियसने निकालाआधी जीव दिला, तरी मालमत्तेवर धाड आलीच. पत्नी सोसिया गालाला हद्दपारी. तिची अर्धी मालमत्ता जप्त करा, अर्धी मुलांना ठेवा, असा प्रस्ताव आला. फिर्यादींना कायद्याचा चौथा हिस्सा आणि बाकी सगळं मुलांना, असं सिनेटर लेपिडसने सुचवलं. नवरा-बायको खंडणीत अडकलेले होतेच, पण खटला चालवला राजद्रोहाचा, कारण त्या कलमाखाली काहीही बसवता येई.

त्याच वर्षी सूचना आली की आरोपीने निकालाआधी जीव दिला तर फिर्यादीचं बक्षीस रद्द करावं. ती मंजूर व्हायच्या बेतात होती. टायबेरियसने मोडता घातला: कायद्याचे रखवालदार (म्हणजे फिर्यादी) काढण्यापेक्षा कायदेच मोडीत काढा, असा त्याचा सूर. माझ्या मते सगळं दुखणं इथेच आहे.

अवांतर: इ.स. ३३ च्या पतटंचाईचं (कर्ज मिळेनासं झालं होतं) एक कारण रोमन इतिहासकार टॅसिटस हेच देतो. इतक्यांच्या मालमत्ता विकल्या गेल्या की नाणं खजिन्यात अडकून पडलं. शेवटी सम्राटाला तीन वर्षांसाठी १० कोटी सेस्टर्स (रोमन नाणं) बिनव्याजी कर्जाऊ द्यावे लागले.

जुनं_नाणं
मग व्हॅलेरियस एशियाटिकस? इ.स. ४७. सम्राट क्लॉडियसची पत्नी मेसालिना हिचा डोळा त्याच्या ताब्यातल्या ल्युकुलसच्या बागांवर. सुनावणी सिनेटमध्ये नाही, क्लॉडियसच्या शयनगृहात, मेसालिना समोर. अटक करणाऱ्या क्रिस्पिनसला १५ लाख सेस्टर्स. कलम कुठलं लावलं, त्याने काय फरक पडला?

सातवी_टेकडी
बागा खऱ्या, पण क्लॉडियसला घाबरवायला बागा पुरल्या नाहीत. त्याला सांगितलं गेलं की हा गॉलमधल्या (आजचा फ्रान्स) व्हिएनचा माणूस, तिथे गोतावळा, आधीचा सम्राट कॅलिग्युला याच्या खुनाशी नाव जोडलेलं, आणि आता जर्मन सीमेवरच्या फौजांकडे निघालाय. पैसा, माणसं आणि फौज एकत्र आली की सम्राट दचकणारच. बरं, एशियाटिकसवर फिर्याद करणारा सुइलियस इ.स. ५८ मध्ये स्वतःच बॅलिअरिक बेटांवर हद्दपार झाला. त्याआधी तो नीरोचा सल्लागार सेनेका याच्यावर ओरडला होता की चार वर्षांत ३० कोटी सेस्टर्स कुठून आणले!

खतावणी
सेनेकाचं नाव निघालंच आहे तर मेला नावाचा त्याचा भाऊ बघा. इ.स. ६६ मध्ये आरोप होताच त्याने शिरा कापून घेतल्या आणि मृत्युपत्रात नीरोच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख टिगेलिनस व त्याचा जावई कॅपिटो यांना भली मोठी रक्कम लिहून ठेवली, म्हणजे उरलेलं तरी घरात राहील. त्याला हेतूही कळला होता आणि कलमही.