फ्रान्सच्या सुपरमार्केटमधून भाच्याला काय आणायला सांगू?

सिडकोची सून

नमस्कार मंडळी. माझा भाचा ल्योंला शिकतो, मे महिन्यात सुट्टीला घरी येतोय. बॅगेत चारेक किलो जागा माझ्यासाठी ठेवतो म्हणालाय. रोज मेसेज येतो, "मावशी, यादी पाठव." मला चॉकलेटच्या पुढे काही सुचत नाही. साबण, अत्तर, आयफेल टॉवरच्या किचेन असलं काही नकोय. तो रोज जिथून किराणा भरतो तिथलंच, खायचं काहीतरी हवंय.

घरची परिस्थिती अशी: सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत आणि "यात काय घातलंय" हे विचारल्याशिवाय घास घेत नाहीत. दोन पोरं, दोन्ही गोडघाशी. नवऱ्याला काहीतरी झणझणीत लागतं. भाचा सकाळी मुंबईला उतरणार आणि भर दुपारी गाडीने नाशिकला येणार. टिकेल, चालेल आणि खरंच खाल्लं जाईल असं सुचवा.

नाशिकरोडकर

वाइन सोडून काहीही आणा. गंगापूर धरणाच्या काठावर, वाइनरींच्या शेजारी राहून बाटल्या तिकडून वाहून आणायच्या म्हणजे कमालच. (नियमाने मोठ्या माणसाला दोन लिटरपर्यंत दारू ड्यूटी न भरता आणता येते. पण चार किलोत दोन बाटल्या बसवल्या तर बाकी काय आणणार?)

गंगापूर रोडची काकू

सूनबाई, चॉकलेट आधी यादीतून काढा. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि आपली मेमधली दुपार चाळिशीला टेकते. गाडीत एसी असतो, डिकीत नसतो. वितळून पुन्हा गोठलेलं चॉकलेट पांढरं पडतं. खाऊन काही होत नाही, पण कुणाच्या हातावर ठेवायला लाज वाटते. दिवाळीला येणार असता तर मीच चार पाकिटं सांगितली असती.

माझी लेक तुलूझला असते. तिच्याकडे गेले की चर्च-म्युझियम नंतर, आधी मी सुपरमार्केट गाठते. ती वैतागते, मी दुर्लक्ष करते. माझं एकच म्हणणं आहे: आपल्या स्वयंपाकघरात जे वापरून संपेल तेच आणावं. शोकेसमध्ये ठेवून आल्यागेल्याला दाखवायच्या बरण्या शेवटी तारीख उलटून कचऱ्यात जातात. माझ्या जावेकडे त्याचं संग्रहालय आहे.

तर पहिली मोहरी. दिजाँची, काचेच्या छोट्या बरणीतली. नवऱ्याला झणझणीत लागतं म्हणालात ना? झाकण उघडून चमचाभर चाटायला द्या, नाकातून धूर निघेल. आपण लोणच्यासाठी फेसतो त्याच जातीची, राईची मोहरी असते ती. व्हिनेगर-पाण्यात वाटलेली, एवढाच फरक. दाणा फुटून त्याला पाणी लागलं की झणका तयार होतो आणि आच लागली की उडून जातो. म्हणून फोडणीत किंवा उकळत्या रश्श्यात घालायची नाही. वाटीभर घट्ट दह्यात अर्धा चमचा मोहरी, मीठ, चिमूटभर साखर फेटा आणि त्यात पिळून घेतलेली काकडी टाका. फेसल्या मोहरीची कोशिंबीर पाच मिनिटांत. उकडलेल्या बटाट्यावर गरम असतानाच तेल, लिंबू आणि ही मोहरी चोळा, वर कांदा. सासूबाईंनाही चालेल, बरणीत अंडं-बिंडं काही नसतं. पण मोहरीच घ्यायची, शेजारच्या फळीवरचं मेयोनेझ नव्हे, त्यात अंडं असतं.

दिजाँ लिहिलंय म्हणून ती त्या गावची असेल असं समजू नका. ती कृती आहे, कुठेही बनवलेली चालते, आणि दाणे बहुतेक कॅनडातून येतात. तिथे २०२१ मध्ये दुष्काळ पडला आणि २०२२ मध्ये फ्रान्सभर मोहरीच्या फळ्या रिकाम्या. लेक फोनवर सांगायची, दुकानात माणशी एकच बरणी देतायत! अस्सल तिथल्या मातीतली हवी असेल तर भाच्याला सांगा, बरणीवर बर्गंडीचं, म्हणजे दिजाँच्या प्रांताचं, नाव शोध. त्या मोहरीला २००९ पासून युरोपचा भौगोलिक दर्जा आहे. दाणे तिथलेच आणि भिजवायला तिथलीच पांढरी वाइन. हे सासूबाईंना चालणार नसेल तर साधी दिजाँच बरी, पण तीसुद्धा पाठीमागचं वाचूनच घ्यायची. काही कंपन्या तिच्यातही वाइन घालतात.

दुसरं, सासूबाईंसाठी. फ्लाविन्यी नावाच्या गावची बडीशेपेची गोळी येते, चपट्या पत्र्याच्या डबीत, ५० ग्रॅमची. आत अॅनिसचा एकच दाणा आणि त्यावर साखरेचे थरावर थर. तो दाणा आपल्या बडीशेपेहून वेगळा, बारीक आणि जास्त सुगंधी. चावायची नाही, चघळायची. साखर विरघळत जाते आणि शेवटी दाणा जिभेवर येतो. जेवणानंतर आमच्या घरी डबी फिरते. गुलाब, लिंबू, व्हायोलेट असेही वास मिळतात, पण साधी अॅनिसचीच घ्या, व्हायोलेटची तोंडात धरली की साबण खाल्ल्यासारखं वाटतं. उन्हाने काही होत नाही आणि वजन नगण्य.

पोरांसाठी पात द फ्रुई. फळाचा गर आणि साखर आटवून, पेक्टिनवर घट्ट केलेल्या, वरून साखरेत घोळवलेल्या वड्या. पेक्टिन फळातलंच. याउलट अस्वली गोळ्या, मार्शमॅलो आणि बऱ्याच मऊ गोळ्यांमध्ये जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं जिलेटिन असतं, तेही पुष्कळदा डुकराचं. आता नीट ऐका. युरोपात पाकिटावरच्या यादीत अंडं, दूध, गहू, मोहरी, तीळ हे सगळं ठळक अक्षरांत छापावं लागतं, कारण त्यांची लोकांना अॅलर्जी असते. त्यामुळे अंडं एका नजरेत सापडतं. पण जिलेटिन त्या यादीत नाही, ते बारीक साध्या अक्षरांत मधेच लपलेलं असतं. म्हणजे ठळक अक्षरं बघून "शाकाहारी आहे" असं ठरवता येत नाही. भाच्याला सगळं वाचायला लावा, तरुण डोळे आहेत. माँतेलिमारचं नूगा, बदाम घातलेली मिठाई, छान असतं, पण त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो. तेव्हा सासूबाईंसमोर ते काढू नका.

चहासोबत हवं तर लू कंपनीचं पती ब्यूर. नांतच्या लोकांनी १८८६ मध्ये काढलेलं बिस्किट, कडेला दाते-दाते. मैदा, साखर, लोणी, दूध, मीठ. अंडं नाही. दिसायला अगदी साधं, पण लोण्याचा वास खरा. ब्रिटनी प्रांतातली 'गालेत' नावाची जाड बिस्किटं चवीला वरचढ, पण त्यांत बहुधा अंडं असतं.

मीठ सांगू का नको असं चाललंय. गेरांदच्या मिठागरांत उन्हाळ्यात पाण्यावर जी पातळ साय धरते ती हलकेच ओढून काढतात, ते फ्लर द सेल. पेरूच्या फोडीवर, टोमॅटोवर चिमटीने भुरभुरायचं, दाताखाली कुर्र वाजतं. भाजीत घालाल तर पैसे पाण्यात. घेणार असाल तर छोटा डबा. त्याच गावचं करडं जाडं मीठ स्वस्त दिसतं पण ओलसर असतं, वजनात पाणी वाहून आणाल.

काय आणू नये: एस्पलेतची मिरचीपूड. चिमूटभर डबी, भाव बघून घाम फुटतो आणि तिखट म्हणाल तर आमच्या नातवालाही लागत नाही. आपल्या घरात वर्षाचं तिखट कुटून ठेवलेलं असताना बास्क प्रांतातून मिरची आणायची? काहीतरीच. प्रोव्हाँसच्या हर्ब्जचंही तेच. सुपरमार्केटमधल्या पुष्कळशा पुड्यांतला पाला प्रोव्हाँसचा नसतोच. घ्यायचंच तर लाबेल रूजचा, म्हणजे तिथल्या सरकारी दर्जाचा, लाल शिक्का बघून.

पंचवटीची, सध्या लील

काकूंशी जवळपास सहमत. फक्त एक राहिलं: केकवाल्या फळीवरची अल्सा कंपनीची पाकिटं. गुलाबी पाकिटात ११ ग्रॅम बेकिंग पावडर, तिच्या शेजारीच व्हॅनिला साखर. बेकिंग पावडर आपल्याकडे मिळते, ती सोडा. साखर आणा, पण पुठ्ठ्यावर व्हॅनिलाच आहे की नुसतं व्हॅनिलीन ते बघून, कारण दोन्ही शेजारी-शेजारी ठेवतात आणि दुसरी कृत्रिम वासाची असते. शिऱ्यात किंवा खिरीत एक पुडी उतरवताना टाकायची. माझी आई आता दुसरं काही मागतच नाही.

दुकानाचं म्हणाल तर शहरातल्या छोट्या शाखांत सगळंच महाग. भाच्याला एकदा गावाबाहेरच्या मोठ्या कार्फूर किंवा लक्लेरला जायला सांगा. कार्फूरचा रफ्ले द फ्राँस नावाचा स्वतःचा ब्रँड आहे, त्यात प्रांतोप्रांतीचे जिन्नस बरे मिळतात. फळीवरच्या चिठ्ठीत बारीक अक्षरांत किलोचा भाव असतो, तोच बघायचा. सुंदर डबा घेतला की डब्याचेच पैसे जास्त.

मिसळ आणि चीज

अहो, फ्रान्समधून येतोय आणि चीजचं नावच नाही कुणी काढलं? कोंते आणायला सांगा. कडक असतं, दुकानात हवा काढून पॅक करून देतात.

गंगापूर रोडची काकू

चीजचं नाव मुद्दाम नाही काढलं. कोंते उत्तमच, माझा जीव आहे त्याच्यावर. पण ते वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, नियमच तसा आहे, वनस्पतीजन्य चालत नाही. लेबलवर ठळक दिसेल "दूध", आणि बिचाऱ्या सासूबाई म्हणतील दुधाचंच तर आहे. अंडं न खाणाऱ्या बाईला हे फसवून खाऊ घालायचं का? शिवाय कस्टमच्या फॉर्मवर दुधाचे पदार्थ, मांस, मासे, बियाणं, रोपं यांचा वेगळा रकाना आहे, जवळ असेल तर तिथे हो म्हणावं लागतं. म्हणून ल पुई गावची हिरवी मसूरही नको, दाणा म्हणजे बीच, आणि ती आपल्याच मसुरीची बहीण आहे. भाच्याने चीज आणि लोणी तिथेच पोटभर खाऊन यावं.

सिडकोची सून

काकू, तुम्ही तर क्लासच घेतलात! अस्वली गोळ्या यादीत पहिल्या नंबरवर होत्या, उडवल्या. आता दोन शंका. मोहरीची काचेची बरणी हातातल्या बॅगेत आणली तर फुटायची भीती कमी, नाही का? आणि चेस्टनटचं क्रीम म्हणून काहीतरी तो सारखा सांगतोय, ते काय प्रकरण आहे?

पंचवटीची, सध्या लील

हातातल्या बॅगेत नको. मोहरी, जॅम, क्रीम हे सगळं सिक्युरिटीवाल्यांच्या लेखी द्रवच. १०० मिलीच्या वर दिसलं की बहुतेक विमानतळांवर काढून घेतात. चेक-इन बॅगेत, बरणी झिपच्या पिशवीत, पिशवी जीन्सच्या पायात, आणि जीन्स बॅगेच्या मधोमध.

गंगापूर रोडची काकू

चेस्टनटचं क्रीम म्हणजे आर्देशच्या क्लेमाँ फोजिए कंपनीचं, १८८५ पासूनचं. चेस्टनट, साखर, व्हॅनिला. पुरणासारखं दाट आणि त्याहून गोड. पोरं पोळीला लावून खातील. मी घट्ट दह्यात चमचाभर घालते, नुसतं मला जात नाही. डबा नको, उघडला की संपवायची घाई होते. टूथपेस्टसारख्या छोट्या ट्यूब येतात, त्या चार घ्या, म्हणजे शेजारीही एखादी देता येईल.

मोहरी उघडल्यावर फ्रिजमध्ये आणि झाकण घट्ट. महिना-दोन महिन्यांत झणका उतरायला लागतो, म्हणून मोठी बरणी घेऊ नका, छोट्या दोन घ्या.