पाला मासा अंडी कुठे घालतो हे न बघताच पश्चिमेचं पाणी वळवायचं का?

गोदाकाठचा (धागाकर्ता)
नार-पार या पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्यांचं पाणी उपसून गिरणा खोऱ्यात आणायच्या नार-पार-गिरणा योजनेचा विषय निघाला की नाशकात एक वाक्य हमखास ऐकू येतं: पश्चिमेचं पाणी समुद्रात वाया जातं. मला हे पटत नाही. पाला, म्हणजे बंगाल्यांचा हिल्सा, राहतो समुद्रात, पण अंडी घालायला पावसाळ्यात गोड्या पाण्यात चढतो. गंगेत तो अलाहाबादपर्यंत जायचा. १९७५ मध्ये गंगेवर फरक्का बंधारा आला आणि त्याच्या वरच्या भागातला पाला जवळपास संपला. नर्मदेतही भरूचकडे तो घटला. आपली गोदावरी त्र्यंबकला उगम पावते, पण राजमहेंद्रीला पुराच्या दिवसांत याच माशाला पुलसा म्हणून हजारोंचा भाव येतो, हे इथे किती जणांना ठाऊक आहे? पेठ-सुरगाण्यातून उतरणाऱ्या नद्यांच्या मुखाशी पाला येतो का, अंडी घालतो का, हे दोन-तीन पावसाळे नीट तपासा. किती पाणी उचलायचं ते मग ठरवा.

गिरणाकाठ
तुमच्या नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं, म्हणून हे सुचतं. देवळा-मालेगावकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघून दाखवा. योजनेतलं १०.६४ टीएमसी पाणी उपसून गिरणा खोऱ्यातल्या चणकापूर धरणात यायचंय. आहे की नाही हेच माहीत नसलेल्या माशासाठी माणसांनी थांबायचं? अहवालावर अहवाल मागवून कामं लांबवायची रीत आम्ही पुष्कळ पाहिलीय. आणि नदीचं सगळं पाणी कोण नेतंय? खाली भरपूर उरेल.

प्राणिशास्त्राची मास्तरीण
भरपूर म्हणजे किती, आणि कधी? वर्षभराची बेरीज माशाच्या कामाची नाही, त्याला ठरावीक आठवड्यांतला पूर लागतो.

अभ्यासही काही जन्मभराचा नाही. पिकल्या गाबोळीच्या, म्हणजे पोटात तयार अंडी असलेल्या, माद्या कुठे मिळतात ते बघायचं, बारीक जाळीने पाणी गाळून अंडी शोधायची. अंडी साधारण दिवसभरात फुटतात, त्यामुळे सापडली तिथून घातलेली जागा फार लांब नसते. शिवाय माशाच्या कानात एक खडा असतो. त्यात कांद्यासारखे थर असतात. समुद्रात वाढलेल्या थरात स्ट्रॉन्शियम हा धातू जास्त, गोड्या पाण्यातल्या थरात कमी. मासा आयुष्यात कधी नदीत होता ते त्यावरून कळतं.

सातपाटीची लेक, नाशकाची सून
गाबोळी कधी भरते ते माझ्या माहेरी कोणत्याही म्हाताऱ्या कोळ्याला विचारा, फुकट सांगेल. आणि कळून तरी काय होतं? २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला, लहान पिल्लं धरायची नाहीत असा नियमही झाला. तरी कसारा घाट चढून बर्फातून तळहाताएवढी पापलेटं इथे येतात आणि तुम्ही नाशिककर स्वस्त मिळाली म्हणून उचलता. मला तर आधी त्याचाच राग येतो.

प्राणिशास्त्राची मास्तरीण
ताई, राग रास्त आहे. पण गाबोळी पोटात असताना मासा कुठे धरला ते कोळी सांगतो. ती घातली कुठे, हे त्यापुढचं. बांगलादेशाने पाला अंडी घालतो त्या जागा आणि दिवस आधी शोधले, मग ऑक्टोबरच्या पौर्णिमेच्या आसपास २२ दिवस मासेमारी बंद केली आणि मच्छीमारांच्या घरी तांदूळ पोचवला. तिथे २००२-०३ मध्ये सुमारे २ लाख टन पाला मिळायचा, २०१७-१८ मध्ये ५ लाखांच्या वर गेला. सगळं श्रेय एकट्या बंदीला देणार नाही, पण जागा माहीत नसती तर बंदी लावली कुठे असती?

गिरणाकाठ
बघा, त्यांनी तांदूळ दिला! आम्हाला त्या दोन-तीन पावसाळ्यांचं काय देणार? तपासा, मी आडवा येत नाही. पण काम चालू ठेवून तपासा.

गोदाकाठचा
पंप बसल्यावर कमी उचला म्हटलं तर कोण ऐकतं? फरक्क्यात माशांसाठी वाट ठेवली होती, तिचा पाल्याला काडीचा उपयोग झाला नाही. निदान पुराच्या कोणत्या आठवड्यांत उपसा बंद, हे आधी कागदावर घ्या.

गिरणाकाठ
पुरातच पंप बंद ठेवायचे तर उपसायचं काय, मे महिन्यातली वाळू?