सगळ्या सीमा फूटपट्टीनेच आखल्या का?

रानवारा
'आजच्या सीमा चार साहेबांनी एका दुपारी फूटपट्टीने आखल्या, त्यांचा इतिहास एवढाच' अशी एक पोस्ट कालपासून फिरते आहे. पुरावा नेहमीचाच, सायक्स-पिको, म्हणजे उस्मानी मुलूख वाटून घेण्याचा ब्रिटन आणि फ्रान्सचा गुप्त करार. अहो, १९१६च्या त्या नकाशात मोसुल फ्रेंच प्रभावक्षेत्रात होतं! १९१८मध्ये ब्रिटिश फौज तिथे घुसली, तुर्कस्तान हटून बसला, प्रकरण राष्ट्रसंघात गेलं आणि १९२६च्या तहाने मोसुल इराककडे राहिलं. युरोपीय सत्तांच्या बर्लिन परिषदेचंही तसंच. १८८४-८५मध्ये तिथे आफ्रिकेची खांडोळी झाली नाही. नद्यांतली वाहतूक आणि किनाऱ्यावरचा कब्जा यांचे नियम ठरले. बहुतेक रेषा नंतर दोन-दोन सत्तांच्या करारांतून आल्या. करार, मोजणी, सीमास्तंभ आणि तिथली माणसं हे सगळं वाचल्याशिवाय सीमेचा इतिहास कळत नाही.

तळटीप
तपशील बरोबर, निष्कर्षाशी असहमत. रेषा दहा वर्षं रेंगाळली म्हणून ती लादलेली नव्हती असं होतं का? आणि घाईच बघायची तर भारत-पाकिस्तान सीमा आखणारा रॅडक्लिफ घ्या. जुलै १९४७मध्ये आला, पाचेक आठवड्यांत निवाडा लिहिला, तो जाहीर झाला १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर. आमच्या घरातली एक अख्खी पिढी त्या रेषेने उठवली. मला 'मोजणी' शिकवू नका.

रानवारा
तुमच्या घरच्यांचं दुःख मी नाकारत नाही. पण तो निवाडा वाचा. त्यात जिल्हे, तहसिली, ठाणी यांच्या जुन्या हद्दी पानोपानी आहेत. महसुलासाठी पाडलेली हद्द देशाची सीमा कशी झाली, हा प्रश्न 'फूटपट्टी' म्हटलं की विचारलाच जात नाही.

कोरा कागद
खरा गुन्हेगार ऐतिहासिक नकाशा! प्रत्येक जुन्या साम्राज्याभोवती जाड काळी कड आणि आत एकच रंग. तुर्कांचे उस्मानी आणि इराणचे सफावी यांच्यात १६३९ला झुहाबचा तह झाला, त्यात किल्ले आणि टोळ्या वाटल्या. जमिनीवर सलग खांब लागले ते १९१३-१४मध्ये. मधली पावणेतीनशे वर्षं तिथे पट्टा होता, रेषा नव्हती. मी प्रबंधात हेच लिहिलं तर मार्गदर्शकांनी 'सीमा स्पष्ट दाखवा' म्हणून प्रकरण परत केलं. अजून राग येतो.

उत्तरायण
मी इतिहास शिकवते. वर्गात साठ मुलं असतात. त्यांच्यापुढे धूसर पट्टे ठेवले तर काय हाती लागेल? आधी रेषा कळू दे, मग ती पुसू.

कोरा कागद
पुसायला कुणी बसत नाही ताई. ती मुलं मोठी होऊन 'हा भाग मूळचा आमचाच' म्हणून भांडतात, ते याच नकाशांच्या जोरावर.

उत्तरायण
म्हणजे युद्धांचं खापरही शिक्षकांवर? फ्रान्स-स्पेनमधला पिरेनीज डोंगर शिकवताना मी मुलांना लिव्हिया दाखवते. १६५९च्या तहानंतर ३३ गावं फ्रान्सला गेली. लिव्हिया गाव नाही, नगर आहे, म्हणून स्पेनकडे राहिलं. आजही चहूबाजूंनी फ्रान्स! ते कड असलेल्या नकाशावरच दिसतं. प्रबंधातला राग आमच्यावर काढू नका.

कोरा कागद
लिव्हिया नकाशावर दिसतं, मान्य. पण तिथली सीमा नक्की व्हायला १८६६ उजाडलं, तेही सांगता का?

उत्तरायण
सांगते. तास पुरला तर.

रानवारा
नकाशांचा वेगळा धागा काढा, कृपा करा. तळटीप, १९६४ला कैरोत आफ्रिकी देशांनी स्वतःच वारशाने आलेल्या सीमा मान्य केल्या. त्याही लादलेल्याच का?

तळटीप
सोमालिया आणि मोरोक्को यांनी ते मानलं नाही, एवढं जोडा. बाकीच्यांनी मानलं ते दुसरा पर्याय भीषण होता म्हणून. पण ठीक आहे, सगळं काही 'एका दुपारी' झालं, हे वाक्य मी सोडतो. तुम्हीही एक सोडा. करार वाचले की माणसं आपोआप दिसत नाहीत. बाडमे या सीमेवरच्या गावासाठी १९९८मध्ये इथिओपिया आणि एरिट्रिया लढले, हजारो मेले. नंतर आयोगाने निकाल दिला तो १९००, १९०२ आणि १९०८च्या, इटलीशी झालेल्या करारांवरून; एरिट्रिया तेव्हा इटलीची वसाहत होती. बाडमेत राहणाऱ्यांना कोणता देश हवा, हे ठरवण्याचा अधिकारच त्या आयोगाला नव्हता.