हान्सचा उद्धार की हान्सला उपरती?

डिस्नेच्या 'फ्रोझन' या ॲनिमेशनपटाच्या तिसऱ्या भागाची घोषणा 2023 मध्ये झाली, तेव्हापासून लेकीचा एकच धोशा: पहिल्या भागातला खलनायक राजपुत्र हान्स परत येणार का आणि आला तर चांगला होणार का? तिच्याशी बोलताना 'रिडेम्प्शन'ला मराठी शब्द काही सुचेना. 'विमोचन' म्हटलं तर तो तारण ठेवलेल्या दागिन्यासारखा सोडवून आणल्यासारखा वाटतो. 'मुक्ती' म्हटलं तर गेलाच! रोजच्या बोलण्यातला शब्द कोणता?

—

उद्धार. उद् + हृ, म्हणजे वर काढणे. अहिल्येचा उद्धार, गजेंद्राचा उद्धार.

(सिनेमा संपल्यावर आमच्याकडे हान्सचा जो 'उद्धार' झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही.)

—

'उद्धार'मध्ये एक अडचण आहे. वर काढणारा दुसराच असतो. शिळेला काही करावं लागत नाही, पाय लागला की झालं. हान्सच्या बाबतीत हे कोण करणार? ॲना, त्याने प्रेमाचं नाटक करून फसवलेली राजकन्या? तिला त्यानेच ओठांजवळ येऊन सांगितलं, तुझ्यावर प्रेम करणारं कुणी असतं तर बरं झालं असतं; मग शेकोटी विझवली, दाराला कुलूप लावलं आणि मरायला सोडून दिलं. तिनेच पुन्हा येऊन त्याला वर काढायचं?

मला वाटतं क्रियापदं बघावीत, मराठीत खरी गोष्ट तिथे कळते. उद्धार दुसरा करतो. प्रायश्चित्त स्वतः घ्यावं लागतं. उपरती मात्र 'होते', ती कुणी करत नाही आणि घेतही नाही. संस्कृतात 'उपरति' म्हणजे थांबणं, निवृत्त होणं. माणूस आपल्याच वेगात चाललेला असतो आणि मध्येच थबकतो. मराठीने त्यात थोडा खवचटपणा घातला आहे. 'आता उपरती झाली!' हे कौतुकाने कुणी म्हणत नाही.

हान्सला ती झालेली नाही. पहिल्या भागात ॲनाच्या बर्फाची जादू असलेल्या बहिणीवर, एल्सावर, उगारलेली तलवार ॲनाच्या बर्फ झालेल्या अंगावर आपटून फुटते, तो फेकला जातो. शुद्धीवर आल्यावर समोर जिवंत ॲना. त्याचा पहिला उद्गार आश्चर्याचा आहे, लाजेचा नाही. मग ठोसा आणि पाण्यात.

—

पण भोगलं की त्याने! 2015 च्या छोट्या फिल्ममध्ये तबेल्यात लीद उपसतोय, वर एल्साच्या शिंकेतून आलेला बर्फाचा गोळा त्यालाच लागतो. हे प्रायश्चित्त नाही?

—

नाही. ही शिक्षा. फार तर 'गत': काय गत झाली बिचाऱ्याची! फावडं हातात दिलं म्हणून प्रायश्चित्त होत नाही. 'प्रायः' म्हणजे तप आणि 'चित्त' म्हणजे निश्चय अशी जुनी फोड आहे, त्यातला निश्चय कुठे दिसतो? वाल्या आठवा. बायकापोरांनी पापात वाटा घ्यायला नकार दिला तिथे उपरती, आणि वारूळ चढेपर्यंत बसला ते तप. क्रम उलटा करता येत नाही.

संधी मिळूनही न थबकणारा बघायचा असेल तर 2010 च्या 'टॉय स्टोरी 3' मधला गुलाबी अस्वल लॉट्सो. भट्टीकडे जाणारा पट्टा थांबवायच्या बटणापर्यंत त्याला बाकीचेच चढवतात. वर पोचून तो मागे वळतो, टोमणा मारतो आणि बटण न दाबता निघून जातो. पुढे कचऱ्याच्या ट्रकच्या तोंडावर बांधला गेला. गत झाली, उपरती नाही.

—

हान्सची बाजू कुणीच घेत नाही म्हणून मी घेते. बारा मोठे भाऊ, त्यातल्या तिघांनी दोन वर्षं हा दिसतच नाही असं सोंग केलं. ॲना नसताना थंडीत लोकांना उबदार कपडे वाटले ते यानेच. म्हणजे चांगलं वागता येतं त्याला. ढोंग असलं तरी लोकांना ऊब खरीच मिळाली ना?

बरं, एक शब्द अजून कुणी घेतला नाही. 'जे खळांची व्यंकटी सांडो'. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. ज्ञानदेव खळ मरोत म्हणत नाहीत, वाकडेपणा गळून पडो म्हणतात. 2016 च्या 'मोआना'मध्ये अक्षरशः हेच होतं. ती लाव्हाची राक्षसीण, 'ते का' नावाची, हरत नाही की मरत नाही. चोरलेलं हृदय परत बसवलं की वरचा जळका थर सुटतो आणि आतून हिरवी देवी 'ते फिती' निघते.

—

सुंदर! पण 'ते का' आतून मुळात चांगली होती, तिचं चोरलं गेलं होतं. हान्सचं कुणी काय चोरलं? थर काढला आणि आतही हान्सच निघाला तर?

—

'व्यंकटी' लेकीला सांगून बघितलं. तिला शब्द इतका आवडला की दुपारपासून धाकट्या भावाची व्यंकटी सांडवायचं चाललंय. हान्ससाठी सध्या 'उपरती' धरते. वाक्य असं चालेल का: 'तिसऱ्या भागात हान्सला उपरती होईल का?'

—

चालेल. 'होईल का'च ठेवा, 'येईल का' नको.