कॉलेज करत करत एका महिन्यात कादंबरी लिहून होते का?

गुऱ्हाळकर

नमस्कार मंडळी. मी बीएस्सी सेकंड इयरला आहे, कॉलेज कोल्हापुरात, घर राधानगरी रोडला गावात, रोज एसटीनं जाऊन-येऊन. डोक्यात एक कादंबरी आहे आणि ती आता कागदावर आल्याशिवाय चैन पडणार नाही असं झालंय. विषय गुऱ्हाळाचा. आमच्या भागात ऊस सगळा कारखान्याला जायला लागला तशी गुऱ्हाळं एकेक करून बंद पडली, तर अशाच एका गावातलं शेवटचं गुऱ्हाळ, तिथला म्हातारा गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, आणि त्याची नात. तिला ते काम शिकायचंय पण पोरीच्या जातीनं रात्री काहिलीपाशी (रस उकळायची मोठी कढई) थांबायचं नाही असं सगळं गाव म्हणतंय, ही गोष्ट.

ते नोव्हेंबरात ३० दिवसांत ५०,००० शब्द लिहायचं चॅलेंज तुम्हाला माहीत असेल, १९९९ ला सॅन फ्रान्सिस्कोकडं २१ जणांनी मिळून सुरू केलेलं आणि मग जगभर पसरलेलं. भागाकार केला तर दिवसाला १६६७ शब्द येतात. आता माझी अडचण अशी की आठवड्यातनं तीन दिवस प्रॅक्टिकल असतंय, सुटायला साडेपाच, एसटी मिळून घरी पोचायला सात, मग वैरणपाणी, धार, जेवण, नऊला मोकळा होतो आणि त्यात जर्नल कम्प्लीट करायचं असतंय, वर इंटर्नल आणि दिवाळी. आई म्हणते आधी परीक्षा दे मग काय लिहायचं ते लिही. पण परीक्षा झाली की दुसरं काहीतरी येणार हे मला माहीत आहे.

तर विचारायचं हे की कुणी असं केलंय का, जमतंय का, वहीत लिहू का मोबाईलवर, आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे आमच्या बोलीत लिहू का प्रमाण मराठीत. जरा सविस्तर सांगा.

तालीम_मंडळ

भावा विषय एकदम भारी आहे, पहिलं ते सांगतो. गुळव्याची नात हे तर कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, सोडू नको.

आता हिशोब. कॅलेंडर समोर घे आणि जे दिवस जाणारच आहेत ते आधी काट. दिवाळीचे चार, इंटर्नलचे तीन, पै-पाहुणे किंवा लग्नाचा एक, म्हणजे ३० चे २२ राहिले. ५०,००० ला २२ नं भागलं तर दिवसाला २२७३ शब्द होतात. जर्नल आणि धार सांभाळून रात्री नऊनंतर रोज एवढं होत नाही, आणि झालंच तर दुसऱ्या दिवशी पहिल्या लेक्चरला तू झोपणार. त्यापेक्षा ३०,००० धर, मग दिवसाला १३६४ येतात. आणि हे कमी आहे असं मनात आणू नको, कारण ५०,००० हा आकडा इंग्रजीसाठी ठरवलेला आहे. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळं तेवढाच मजकूर मराठीत बऱ्याच कमी शब्दांत बसतो. ३०,००० म्हणजे छापील सव्वाशे पानांच्या आसपास, लघुकादंबरी म्हणून व्यवस्थित उभी राहते.

आणि सगळे दिवस सारखे धरू नको. प्रॅक्टिकलच्या दिवशी ६०० झाले तरी बास, रविवारी सकाळी बसून अडीच हजार काढ. तालमीत पहिल्या दिवशी कुणी हजार जोर मारत नाही, तसं पहिला आठवडा कमीवरच ठेव, हात बसला की वाढतंय आपोआप.

एक अट मात्र पाळ. ७५ टक्के अटेंडन्सला हात लावायचा नाही. कादंबरीसाठी लेक्चर बुडवलंस तर घरचे कादंबरीलाच दोष देणार आणि पुढची लिहूच देणार नाहीत.

अंकवाले_काका

मी दिवाळी अंकाच्या कामात बरीच वर्षं आहे, नवीन पोरांचं लिखाण सारखं वाचनात येतं, म्हणून थोडं वेगळं सांगतो, राग मानू नकोस.

महिन्यात जी होते ती कादंबरी नसते, तो खर्डा असतो. हे कमीपणाचं नाही. पहिला खर्डा पूर्ण होणं हीच सगळ्यात अवघड गोष्ट आहे, पन्नास पानांवर अडकून पडलेल्या कादंबऱ्या मी इतक्या बघितल्यात की पूर्ण झालेला वेडावाकडा खर्डा मला केव्हाही चालेल. पण महिना संपला की लगेच कुणाला पाठवू नकोस. परीक्षा संपेपर्यंत तो बाजूला ठेव, मग जानेवारी-फेब्रुवारीत सगळा एका बैठकीत वाच, आणि उन्हाळ्यापर्यंत पुन्हा लिही. पुन्हा लिही म्हणजे शुद्धलेखन तपासणं नव्हे, कुठला प्रसंग उगाच आहे, कोण माणूस अर्ध्यात हरवला, कुठं तू स्वतःच भाषण करायला लागलास, ते बघून नव्यानं लिहिणं. बहुतेक अंकांचं साहित्य उन्हाळा-पावसाळ्यात गोळा होतं, मराठीत १९०९ पासून दिवाळी अंक निघतायत आणि लघुकादंबरीला त्यात अजून जागा आहे, त्यामुळं तेव्हा पाठवण्याजोगं काहीतरी तुझ्या हातात असेल.

शब्दांच्या आकड्यासाठी पाणी घालू नकोस. रात्री अकरा वाजले, आकडा भरायचाय म्हणून पात्रांना उगाच चहा प्यायला बसवायचं, असं झालं की वाचणाऱ्याला लगेच कळतं. त्यापेक्षा त्या दिवशी ४०० वर थांब.

बोलीबद्दल. संवाद बोलीत हवेतच, त्यात प्रश्नच नाही. निवेदनाचं ठरवायला तुला लांब जायला नको, कागलच्या आनंद यादवांनी 'गोतावळा' ही अख्खी कादंबरी, निवेदनासकट, आपल्या ग्रामीण बोलीत लिहिलेली आहे, १९७१ ला आली. ती मिळवून वाच, करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी कर, १८५० पासूनची लायब्ररी आहे. पण लिहायला बसण्याच्या आधी वाच, महिना सुरू झाला की नको, नाहीतर त्यांचा आवाज तुझ्या वाक्यात येईल. माझं मत विचारशील तर गोष्ट नातीच्या तोंडून येणार असेल तर बोली, बाहेरून सांगणार असशील तर निवेदन साधं प्रमाण मराठीत. दोन्ही अर्धं-अर्धं नको.

इचलकरंजीची

मी गेल्या वर्षी हॉस्टेलवर राहून केलो हे, एम.ए. चालू असताना. आमच्या रूमवरच्या पोरींना लाईटचा त्रास नको म्हणून रात्री लिहायचं जमेना, मग मी बोलून लिहायला लागलो. मोबाईलच्या कीबोर्डला मराठी भाषा लावायची, माईक दाबायचा, गुगल डॉक्स उघडायचं आणि गोष्ट सांगायला लागायचं. विरामचिन्हं धड येत नाहीत, जोडाक्षरं कधी कधी गंडतात, पण अर्ध्या तासात हजार शब्द आरामात पडतात, टाईप करत बसलं तर तेवढ्यात तीनशे होत नाहीत.

आणि ह्यात नवीन काय नाही बरं का. रशियन लेखक दोस्तोव्हस्कीवर १८६६ ला अशीच वेळ आली होती, प्रकाशकाशी करार असा की १ नोव्हेंबरच्या आत कादंबरी दिली नाही तर पुढं नऊ वर्षं त्याचं लिखाण प्रकाशक फुकट छापणार. त्यावेळी त्याची दुसरी मोठी कादंबरी मासिकातनं क्रमशः चालूच होती, म्हणजे आपलं कॉलेज असतंय तसंच की. त्यानं ऑक्टोबरात अॅना नावाची एक शॉर्टहँड शिकलेली मुलगी लावून घेतली, रात्री टिपणं काढायचा, दिवसा तिला सांगायचा, ती घरी जाऊन नीट लिहून आणायची, आणि २६ दिवसांत कादंबरी पूर्ण. पुढं दोघांनी लग्न केलं. मला ह्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं तर ते रात्रीचं टिपण. आयत्या वेळी माईक दाबून बसलं तर तोंडातनं शब्द निघत नाही. आदल्या रात्री चार ओळी लिहून ठेवायच्या, उद्या कोण कुणाला भेटणार, काय बिनसणार, कुठं थांबायचं, एवढंच. मग तू एसटीतनं उतरून घरापर्यंत चालत जातोस ना, ते दहा-पंधरा मिनिटं सोनं आहे, बोलत जायचं.

एसटीत मात्र करू नको, आवाजानं काहीच्या काही उतरतं आणि शेजारचे बघत बसतात. एसटीत टिपण काढ.

गुऱ्हाळकर

सगळ्यांना मनापासून थँक्यू, एवढं सविस्तर कुणी लिहील वाटलं नव्हतं. ३०,००० चं पटलं. काका, गोष्ट नातीच्या तोंडूनच येणार आहे, त्यामुळं बोलीच धरतो.

अजून एक अडतंय. मी थोडं लिहायला बसलो की दर चार ओळींना काहीतरी शोधायला लागतंय. आता कादंबरीत २०१९ चा महापूर येतो, नातीचं मामाचं गाव चिखलीकडं आहे, तर पाणी किती फुटावर गेलेलं, किती वाजता गाव सोडायला सांगितलं, हे बघायला मोबाईल हातात घेतला की तास जातो आणि लिहायचं राहतं.

तालीम_मंडळ

शोधू नको, लिहिताना अजिबात शोधायचं नाही. जिथं माहिती पाहिजे तिथं नुसतं "क्षक्षक्ष" टाईप कर आणि पुढं जा. मराठीत हे अक्षर असं तीनदा कुठं येत नाही, त्यामुळं शेवटी फाईलमध्ये सर्च मारलं की सगळ्या जागा एका दमात सापडतात आणि एका रविवारी बसून सगळं भरून टाकता येतं. माणसाचं नाव सुचत नसेल तरी तेच.

एवढं मात्र आत्ता सांगून ठेवतो, राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. आणि एक बघ, नात आतून सांगणार असेल तर तिला फूट कशाला माहीत असायला पाहिजेत, तिला पाणी गोठ्याच्या कितव्या पायरीला लागलं ते माहीत असणार.

मळ्यातला

मी जास्त पुस्तकं वाचणारा नाही, पण आमच्या घरचं गुऱ्हाळ होतं म्हणून बोलतो. पोरा, तुझ्या गोष्टीत खरी जागा आहे ती गुळव्याच्या बोटांची. रस काहिलीत चढला, भेंडीचं पाणी घालून मळी वर आली, ती काढली, इथवर कुणीही करतंय. पुढं पाक घट्ट व्हायला लागला की बुडबुड्याचा आकार बदलतो, आवाज बदलतो, आणि मग गुळव्या थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांत गोळी धरून बघतो. गोळी नीट वळली की काहील उतरायची. क्षणभर आधी उतरली तर गुळाचा रवा, म्हणजे ढेप, घट्ट बसत नाही, जरा उशीर झाला की गूळ करपतो, काळा पडतो, आणि मग मार्केट यार्डात सौद्याला त्याचा दर पडतो, अख्ख्या घराची मेहनत तिथं जाते. आमच्याकडं त्या वेळेला कुणी एक शब्द बोलायचं नाही. चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या चुलीत, चिपाडं सारणारा गडी पण गुळव्याच्या तोंडाकडं बघत थांबलेला असायचा.

आता तुझी ती नात. ती गोळी बघायला कशी शिकते? आजोबा हातात देऊन शिकवतो, का ती चोरून बघून बघून शिकते? मला वाटतं कादंबरी सगळी तिथंच आहे.

आणि नोव्हेंबरातच लिहायचं म्हणतोस ते बरोबरच आहे, तेव्हा गुऱ्हाळं चालू असतात. मोबाईलवर व्हिडिओ बघून लिहू नको. एक रात्र जाऊन उभा राहा. घाणा पहाटे लवकर सुरू होतो, त्याच्या आधी जा. चुलवाणाची धग तोंडावर आणि पाठीला थंडी, हे घरात बसून सुचत नाही.

अंकवाले_काका

वरचा प्रतिसाद प्रिंट काढून भिंतीला लाव. आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथं देऊ नकोस, कुणालाच सांगू नकोस. सांगून टाकलं की लिहायची भूक कमी होते, हे मी खूप जणांचं बघितलंय.

गुऱ्हाळकर

काका, नाही सांगत. पण मळ्यातले काका, तुमचं वाचून मी अर्धा तास नुसता बसून होतो. शनिवारी रात्री आमच्या शेजारच्या गावातल्या गुऱ्हाळावर जायचं ठरवलंय, तिथले मालक वडिलांच्या ओळखीचे आहेत. आईला पण सांगितलं, अटेंडन्स आणि इंटर्नल सांभाळून करणार म्हटल्यावर ती एवढंच म्हणाली की धारेला उशीर करायचा नाही.

कुणीतरी असंही विचारलं होतं मेसेज करून की नोव्हेंबर हुकला तर काय. ती चॅलेंज चालवणारी संस्थाच २०२५ ला बंद झाली, त्यामुळं आता महिना आपण ठरवू तो. ज्यांना नोव्हेंबर जमत नाही त्यांनी मे धरा, सुट्टी असते. मला हंगामामुळं नोव्हेंबरच पाहिजे.

बोलून लिहायचं काल करून बघितलं. वेग खरंच भारी आहे, पण बोलीतले शब्द त्याला कळत नाहीत. गुळव्या म्हटलं की दरवेळी "गुलाब" येतंय आणि चुलवाणाचं तर काय विचारू नका. ह्यावर काय उपाय?

इचलकरंजीची

येऊ दे चुकीचं, थांबून दुरुस्त करत बसू नको. दरवेळी तीच चूक करतंय ना, मग सोपं आहे, आठवड्यातनं एकदा फाईल कॉम्प्युटरवर उघडायची आणि "गुलाब"च्या जागी "गुळव्या" फाईंड-रिप्लेसनं बदलून टाकायचं. फक्त सगळे एकदम बदलू नको, एकेक बघत बदल, कादंबरीत कुठं खरा गुलाब असला तर त्याचा पण गुळव्या होईल. बोलीतल्या क्रियापदांचं मात्र मी हातानंच केलो, "व्हतं", "हुतं" हे त्याला कधीच जमत नाही. त्यासाठी रविवारचा एक तास वेगळा ठेव आणि तो शब्दांच्या आकड्यात धरू नको.