बारा महिने, बारा कृष्णवर्णीय लेखक: असं ठरवून वाचावं का?

पानगळ

वर्षभरापूर्वी ठरवलं होतं: महिन्याला एक पुस्तक, आणि लेखक कृष्णवर्णीय हवा. काल टोनी मॉरिसन यांचं 'बिलव्हेड' संपलं आणि बारा पूर्ण झाली. (हे शेवटचं महिन्यात मावलं नाही, पाच आठवडे लागले.)

चॅलेंज सुरू केलं तेव्हा एका जवळच्या मैत्रिणीने विचारलं होतं, "कातडीचा रंग बघून पुस्तक निवडायचं, हा उलटा वर्णभेदच नाही का?" तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय, म्हणून हा धागा.

सुरुवात फिलिस व्हीटलीपासून केली. लहानपणी आफ्रिकेतून पळवून आणून बॉस्टनमध्ये विकलेली मुलगी. १७७३ साली तिचा कवितासंग्रह लंडनमध्ये छापला गेला. त्याच्या शीर्षकपानावर तिच्या नावाला जोडूनच 'बॉस्टनच्या जॉन व्हीटली यांची निग्रो नोकर' असं छापलंय. पुढे बॉस्टनच्या १८ प्रतिष्ठित पुरुषांची ग्वाही आहे, की या कविता खरोखर हिनेच लिहिल्या आहेत. त्यात खुद्द गव्हर्नरही आहे! कवितेपर्यंत पोचायला वाचकाला हे सगळं ओलांडून जावं लागतं. रंगाची ती पाटी मी लावली नाही. पहिल्या पानापासून ती तिथेच होती.

मग फ्रेडरिक डग्लस, अमेरिकेतल्या गुलामगिरीतून पळून सुटलेला लेखक. मालकिणीने अक्षरं शिकवायला घेतली आणि मालकाने ते बंद पाडलं, कारण वाचायला शिकलेला गुलाम गुलाम राहत नाही. डग्लसने पुढची अक्षरं रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांकडून मिळवली, बदल्यात त्यांना पाव देऊन. १८४५ साली त्याने आत्मचरित्र छापलं, आणि त्यात मालकाचं नाव असल्यामुळे पकडलं जाण्याच्या भीतीने त्याला समुद्रापार जावं लागलं. कायद्याने तो तेव्हाही दुसऱ्याची मालमत्ता होता. पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या मित्रांनी पैसे जमवून त्याचं स्वातंत्र्य विकत घेतलं. हे वाचल्यावर मी काही दिवस दुसरं काही वाचू शकले नाही.

गुलामगिरीबद्दल आपल्याला माहिती आहे असं मला वाटायचं. पण जे काही वाचलं होतं ते जवळजवळ सगळं गोऱ्या लेखकांचं होतं, आणि हे ठरवून वाचायला बसेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

सुहास

अभिनंदन. वाचन मनापासून झालंय हे दिसतंय. तरी मला हा प्रकार पटत नाही, आणि माझा साक्षीदार कृष्णवर्णीयच आहे.

जेम्स बाल्डविन यांची 'जिओव्हानीज रूम' ही कादंबरी १९५६ची. पॅरिसमध्ये घडते. त्यातली पात्रं गोरी आहेत. आधीच्या प्रकाशकाने ती नाकारली. 'निग्रो लेखक' म्हणून तुमचा जो वाचक तयार झालाय तो दुरावेल, असं आपल्याला सांगण्यात आलं, हे पुढे बाल्डविननीच सांगितलंय. थोडक्यात, तुम्ही हार्लेमबद्दलच (न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची वस्ती) लिहा.

तुमचं चॅलेंज लेखकाला वेगळं काय सांगतं? आधी रंग, मग पुस्तक. पर्सिव्हल एव्हरेट यांची 'इरेझर' (२००१) वाचा. तिचा नायक प्राध्यापक आणि लेखक आहे. त्याचं लिखाण पुरेसं 'काळं' नाही म्हणून कुणी छापत नाही. शेवटी संतापून तो टोपणनावाने गोऱ्या वाचकाला हवी तशी झोपडपट्टीची कहाणी लिहून देतो, आणि तीच तुफान खपते. अशी खास यादी घेऊन पुस्तकं शोधणारा वाचकच ही मागणी तयार करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

रघू

सुहासशी सहमत. मी असंच एक चॅलेंज चौथ्या महिन्यात सोडलं. एकामागून एक चाबूक, लिलाव, ताटातूट. माणसांऐवजी मला जखमाच दिसायला लागल्या.

पानगळ

रघू, तुमची यादी कुणी केली होती? माझ्या यादीत झोरा नील हर्स्टन होत्या. 'देअर आईज वेअर वॉचिंग गॉड'मधली जेनी प्रेम करते, भांडते, चुगल्या ऐकते, वादळातून जाते. दुःख आहे, पण जेनी त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे.

सुहास, हर्स्टन हेच माझं तुम्हालाही उत्तर आहे. कादंबरी १९३७ची. कृष्णवर्णीय कादंबरीकार रिचर्ड राइट यांनी तेव्हा तिच्यावर टीका केली की हिला ना विषय, ना संदेश. पुढे पुस्तक बाजारातून गेलं. १९६० साली हर्स्टन गरिबीत वारल्या आणि फ्लॉरिडात त्यांना पुरलं त्या जागी नावाचा दगडही नव्हता. १९७३ साली कृष्णवर्णीय लेखिका ॲलिस वॉकर तिथे गेल्या, आपण हर्स्टन यांची भाची आहोत असं सांगत चौकशी केली, कमरभर गवतातून कबर शोधली आणि दगड बसवला. त्यानंतर ही कादंबरी पुन्हा वाचकांपर्यंत आली. 'फक्त चांगलं पुस्तक' शोधणाऱ्यांच्या हाताला ती इतकी वर्षं का लागली नाही? आपल्या आधी लिहिणाऱ्या काळ्या बायका कोण होत्या, हे मुद्दाम शोधणाऱ्या बाईच्याच हाताला लागली.

निशिगंध

मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. 'दलित साहित्य' म्हणायचं की नुसतं 'साहित्य', यावर आपल्याकडे किती शाई खर्च झाली! आणि बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, त्यात आपण निग्रोंच्या प्रश्नाचे विद्यार्थी असल्याचं म्हटलंय. त्यांनीही तो विषय ठरवूनच वाचला होता.

पण पानगळताई, माझी तक्रार वेगळी आहे. 'कृष्णवर्णीय' या एका शब्दात तुम्ही किती जग कोंबलंय? नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'मधल्या, इग्बो जमातीच्या गावातल्या ओकोंक्वोला आपण 'काळे' आहोत याचं काही पडलेलं नसतं. त्याला काळजी असते ती कुळाची आणि याम नावाच्या कंदाच्या पिकाची. अदिचींच्या 'अमेरिकाना'मधल्या नायजेरियन इफेमेलूला आपण 'काळ्या' असल्याचं कळतं ते अमेरिकेत पोचल्यावर. आणि न्गुगी वा थिओंगो? त्यांनी इंग्रजी सोडून गिकुयू या आपल्या मातृभाषेत लिहायचं ठरवलं आणि केनियातल्या तुरुंगात टॉयलेट पेपरवर गिकुयू कादंबरी लिहून काढली. त्यांची लढाई भाषेची होती. त्यांना रंगाच्या खणात टाकून मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

पानगळ

हे मला लागलं, आणि बरोबर लागलं. आत्ता यादी काढून बघितली. बारापैकी नऊ अमेरिकन. कॅरिबियन एकही नाही. मूळ फ्रेंच पुस्तक एकही नाही, म्हणजे मारियामा बा यांचं छोटंसं 'सो लाँग अ लेटर'सुद्धा राहिलं. मी कृष्णवर्णीय लेखक वाचले असं म्हणतेय खरी, पण वाचली ती मुख्यतः अमेरिका.

सुहास

हर्स्टन यांचा मुद्दा मी मान्य करतो. त्यांच्याबद्दल एवढं माहीत नव्हतं.

पण वॉकर एका बाईच्या शोधात गवतात शिरल्या. त्यांना डिसेंबरपर्यंत बारा कबरी पुऱ्या करायच्या नव्हत्या. मला खटकतो तो आकडा. खरं सांगा, बारापैकी एखादं तरी पुस्तक केवळ महिना संपतोय म्हणून उरकलं ना?

पानगळ

हो. राल्फ एलिसन यांचं 'इनव्हिजिबल मॅन'. जाडजूड कादंबरी, शेवटचे नऊ दिवस हातात होते, धावत संपवली. सुरुवातीची ती डोळे बांधून लावलेली झुंज आणि तळघरातले १,३६९ दिवे आठवतात. मधलं फारसं काही आठवत नाही.

तरी चॅलेंज नसतं तर मी एलिसन उघडलंच नसतं, हेही तितकंच खरं आहे. विषय ठरवण्यात चूक होती असं मला अजूनही वाटत नाही.

सुहास

मग विषय ठेवा आणि आकडा सोडा. आणि बाल्डविन घ्याच. त्यात काळं पात्र नाही म्हणून यादीत बसतं की नाही, ते तुम्ही ठरवा.

पानगळ

लेखक बाल्डविन आहेत, म्हणजे बसतंच. एलिसन पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलंय, या वेळी तारीख न लावता. ते झालं की 'जिओव्हानीज रूम'.